सरकारी उजेड

गिरधारीलालसाहेबांनी पेट्रोमॅक्सला पुन्हा हवा भरायला घेतली, तसे मल्लिनाथचे दात आपोआप आवळले गेले. बत्ती आधीच एवढी भगभगत होती की तिच्यावरून नजर काढली तरी भिंतीवर हिरवे ठिपके नाचत. तरी साहेब दट्ट्या मारतच होते.

“रोशनी, बरखुरदार, रोशनी! अंधेरे में क्या खाक दिखेगा?”

येडशी स्टेशनच्या मालधक्क्याला लागून असलेली ही पत्र्याची वखार लढाई सुरू झाल्यावर सरकारने ताब्यात घेतली होती. जिल्ह्यातल्या सनगरांनी विणलेल्या घोंगड्या इथे येत, तपासल्या जात आणि छोट्या गाडीने पलटणीकडे रवाना होत. तपासायचं एवढंच, की लोकर मेंढीचीच आहे ना, तिच्यात शेळीचे केस मिसळलेले नाहीत ना. त्यासाठी हैदराबादहून एक पितळी खुर्दबीन आली होती. सूक्ष्मदर्शकाला वखारीत सगळे खुर्दबीनच म्हणत, आणि मल्लिनाथही म्हणे, कारण उस्मानिया विद्यापीठात भौतिकशास्त्र तो उर्दूतूनच शिकला होता. ही खुर्दबीन चालवायलाच त्याची नेमणूक झाली होती. प्रत्यक्षात ती चालवायचे साहेब, आणि मल्लिनाथ शेजारी उभा राहून कुढायचा.

साहेब वखारीचे मोहतमीम, म्हणजे मुख्य. हैदराबादचे जुने कायस्थ, उन्हाळ्यातसुद्धा शेरवानीचं गळ्याचं बटण लावून बसणारे. माणूस वाईट नव्हता. कुणाकडून पानाचा विडाही घेत नसे. पण उजेड जितका जास्त तितकं जास्त दिसतं, या एका गोष्टीवर त्यांची अशी श्रद्धा होती की तिच्यापुढे उस्मानियाची पदवी फिकी पडे.

खरं तर काम फार अवघड नव्हतं. मेंढीच्या लोकरीवर बारीक खवले असतात, कौलांसारखे एकावर एक, कडा जराशा बाहेर आलेल्या. शेळीच्या केसावरही खवले असतात, पण ते अंगाला घट्ट चिकटलेले, त्यामुळे केसाची कड गुळगुळीत दिसते. एवढ्याशा फरकावर सगळा निकाल.

सुरुवातीला साहेबांना खवले सगळीकडे दिसत. आलेली प्रत्येक घोंगडी पास होई. “कमाल की चीज है,” असं म्हणत ते डोळा लावून बसत. मल्लिनाथला संशय आला, कारण त्याने पाहिलं तेव्हा धाग्यावर दिसणारी नक्षी धाग्याबाहेरच्या मोकळ्या जागेतही पसरलेली होती. लोकरीचे खवले लोकरीच्या बाहेर कसे जातील? त्याने साहेबांच्या शेरवानीच्या बाहीचा एक सुटलेला रेशमी धागा उचलला आणि काचेवर ठेवला. त्यावरही तीच नक्षी. मग काहीच न ठेवलेली कोरी काच लावली. तिच्यावरही तीच.

ती बत्तीची जाळी होती! पेट्रोमॅक्समधली पांढरी विणलेली जाळी. खुर्दबिनीच्या खालच्या भिंगातून तिचं चित्र नेमकं धाग्यावरच पडत होतं, आणि साहेब ते चित्र पाहून पलटणीच्या घोंगड्या पास करत होते.

मल्लिनाथने हे मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. बत्ती आणि आरसा यांच्यामध्ये त्याने तेल लावलेला पातळ कागद धरला. जाळी नाहीशी झाली आणि सगळीकडे एकसारखा दुधाळ उजेड पसरला. साहेबांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान वर करून म्हणाले, “बरखुरदार, आता खवले कुठंच नाहीत.”

आणि इथून खरा ताप सुरू झाला. तेलकट कागदाचा तो उजेड आता चारी बाजूंनी धाग्यावर असा कोसळत होता की बिचाऱ्या खवल्यांची कड त्यात विरघळून जाई. मेंढी काय, शेळी काय, सगळं काचेच्या काडीसारखं गुळगुळीत. आधी सगळं पास होत होतं, आता सगळं नापास व्हायला लागलं. आणि नापास मालावर लाल शाईचा शिक्का बसायचा, ‘मखलूत’. भेसळ.

तो शिक्का पहिल्यांदा बसणार होता बलभीम सनगराच्या गठ्ठ्यांवर.

बलभीम तेरखेड्याकडच्या एका वाडीचा. बैलगाडीत घोंगड्यांचे गठ्ठे आणि गठ्ठ्यांवर बायको तुळजाबाई बसवून तो सकाळीच आला होता. वय झालेलं, पण पाठ ताठ. साहेबांनी निकाल दफ्तरी उर्दूत सांगितला तेव्हा त्याला आधी कळलंच नाही. मल्लिनाथने मराठीत सांगितलं. मग बलभीमने पटका काढला, झटकला आणि परत बांधला.

“शेळी? माझ्या मागावर शेळी?”

“अण्णा, थांबा. अजून शिक्का मारला नाही.”

“शिक्क्याचं काय घिऊन बसलाव, मल्लिनाथआप्पा. तोंडातून भाईर पडलं न्हवं? आमच्या बिरदेवाच्या जत्रंला दरसाल माझ्या मागावरची घोंगडी देवाच्या बैठकीला जाती. बापाच्या मागावरची जायची, त्येच्या बापाच्या मागावरची जायची. तितं शेळीचा येक केस चालत न्हाय. हितं सरकारनं भेसळ म्हन्लं की पंच म्हन्तील, बलभीमा, तुजी घोंगडी ऱ्हाऊ दे औंदा. आन् औंदा ऱ्हायली की कायमची ऱ्हायली.”

“जत्रा कधी आहे?”

“आली की. चार दिसांवर.”

तुळजाबाई गाडीवरून उतरली नव्हती. तिथूनच म्हणाली, “म्या म्हन्लं हुतं, पलटनीला दिऊ नगा. शिपाई पांघरनार, न्हाय तर त्येच्यावर जोडे पुसनार. कुनाचं आयकतेत का पर!”

मल्लिनाथ साहेबांकडे गेला. म्हणाला, “साहेब, दोष मालात नाही, उजेडात आहे. मला आजचा दिवस द्या.”

“उजेडात दोष?” साहेबांनी आपल्या पेट्रोमॅक्सकडे असं पाहिलं की जणू कुणी त्यांच्या मुलीबद्दल बोललं होतं. “ठीक है. संध्याकाळच्या गाडीला डबा भरायचाय. तोवर दाखव. नाही तर शिक्का.”

मल्लिनाथने बलभीमला सांगितलं, “अण्णा, गठ्ठ्यातून दोन-चार धागे काढून द्या. साधे, जसे आहेत तसे.”

बराच वेळ झाला तरी बलभीम येईना. मल्लिनाथ बाहेर येऊन बघतो तर बाभळीखाली तीन दगडांची चूल पेटलेली, तिच्यावर गाडगं, गाडग्यात काहीतरी रटरटतंय, आणि तुळजाबाई धागे त्यात बुडवून बोटांनी पिळून काढतेय.

“हे काय चाललंय?”

“खळ दितोय,” बलभीम म्हणाला. “चिंचोक्याची. घोंगडीला देतो तीच. सायबाफुडं उगं भुरभुरीत धागा न्यायचा व्हय? जरा ताठ, चकचकीत दिसाया नको?”

मल्लिनाथने कपाळाला हात लावला. चिंचोक्याची चिकट खळ धाग्यावर वाळली म्हणजे खवल्यांच्या फटी लिंपूनच जाणार. म्हणजे घोंगडीतला धागा मुळातच खळीने माखलेला, आणि वर ही माणसं त्याला आणखी एक हात देत होती!

“अण्णा, मला खळ नको, लोकर पाहिजे! नुसती लोकर!”

“मंग तसं म्हना की.”

“तसंच म्हणालो होतो!”

“दोन-चार धागे म्हन्लाव. धाग्याला खळ आलीच,” तुळजाबाई शांतपणे म्हणाली. “पोरगं शिकलंय पर बोलाया आलं न्हाय.”

मल्लिनाथने पुढचा वाद गिळला. गठ्ठ्यातून स्वतःच्या हाताने थोडे धागे काढले. निम्मे तसेच ठेवले. निम्मे रिठ्याच्या कढत पाण्यात चोळचोळून धुतले. तुळजाबाईने मध्येच हात घालून “असं न्हाय, असं” म्हणत ते हिसकावून घेतले आणि खरोखरच त्याच्यापेक्षा लवकर स्वच्छ करून दिले. त्याबद्दलही त्याला चीडच आली.

आता उजेड.

खुर्दबिनीच्या खालच्या भिंगाखाली पातळ पत्र्यांच्या पाकळ्यांचं एक झाकण होतं. बाजूची इवलीशी कळ सरकवली की पाकळ्या मिटत आणि मधलं भोक बारीक होई. उलट सरकवली की भोक मोठं. मल्लिनाथने धुतलेला धागा काचेवर थेंबभर पाण्यात ठेवला, डोळा लावला आणि कळ हळूहळू मिटत आणली. दुधाळ उजेड ओसरत गेला. आणि त्या ओसरण्यातच धाग्याच्या कडा आकार घ्यायला लागल्या. आधी एक करवतीसारखी रेघ, मग दुसरी, मग अंगावर आडव्या वळ्या, एकीत एक अडकलेल्या. कौलं! आणखी मिटवून बघावं म्हणून त्याने कळ अजून ढकलली, तर प्रत्येक कडेला दुहेरी-तिहेरी काळ्या किनारी आल्या आणि कौलं त्यात बुडाली. फार मिटवलं की उजेड स्वतःचीच नक्षी काढू लागतो. त्याने कळ परत किंचित उघडली. थोडं मागे, थोडं पुढे. एक जागा सापडली. तिथे खवले होते, आणि जे होतं तेवढंच होतं.

“साहेब! या!”

साहेब आले. बसले. डोळा लावण्याआधीच त्यांचा हात सवयीने खाली गेला आणि त्यांनी कळ पार टोकापर्यंत उघडून टाकली.

“साहेब, कळीला हात लावू नका!”

“अंधार होता, बरखुरदार.”

“तो अंधार मी केला होता!”

“का?”

मल्लिनाथने पुन्हा जागा शोधली. साहेबांना पुन्हा बसवलं. साहेबांनी या वेळी हात मांडीवर ठेवले, पाहिलं, “हूं” केलं आणि म्हणाले, “काही तरी आहे खरं. जरा रोशनी वाढवली तर नीट दिसेल,” आणि हात खाली गेलाच. तिसऱ्यांदा मल्लिनाथने त्यांचं मनगटच धरलं. मोहतमिमाचं मनगट! सोडलं तेव्हा दोघेही जरा लाजले.

“हे बघा साहेब,” मल्लिनाथ शक्य तितका आवाज खाली आणून म्हणाला, “भर दुपारी तुम्ही नांगरलेल्या रानाकडे बघितलंय? सूर्य डोक्यावर, उजेडच उजेड. रान कसं दिसतं? सपाट. तास दिसत नाहीत, ढेकूळ दिसत नाही. तेच रान दिवस कलल्यावर बघा. उजेड निम्मा झालेला असतो. पण तिरपा असतो, एका बाजूने येतो. एकेक तास मोजून घ्यावा असा उठून दिसतो. रान तेच. सूर्य तोच. उजेड कुठून येतो आणि किती रुंदीने येतो, एवढाच फरक.”

साहेबांनी विचार केला. “मी हैदराबादचा माणूस. रान नाही बघितलं.”

दारात उकिडवा बसलेला बलभीम म्हणाला, “खरं हाय, सायेब. माळावरली वाट दुपारी घावत न्हाय, सांजंला घावती.”

“तू चूप,” साहेब म्हणाले, पण रागाने नाही.

मल्लिनाथ क्षणभर खुर्दबिनीकडे पाहत राहिला. समजावून काही होणार नव्हतं. या हाताला समज पोहोचतच नव्हती. मग त्याचं लक्ष टेबलाच्या कोपऱ्यातल्या लाखेच्या कांडीकडे आणि पितळी मोहरेकडे गेलं. पास झालेल्या गठ्ठ्याची गाठ साहेब स्वतः लाखेने बंद करत, वर मोहर उठवत, आणि ती कुणी नखाने खरवडली तरी त्याला फैलावर घेत.

“साहेब,” तो एकदम अदबीने म्हणाला, “हा वादातला नमुना आहे. उद्या वर चौकशी झाली तर खुर्दबीन कशी लावली होती हे विचारतील. कळ जिथे आहे तिथे बंद करून आपली मोहर केलेली बरी.”

साहेबांचा चेहरा उजळला. “ये हुई न बात. कायदेशीर!”

मल्लिनाथने जागा पुन्हा नीट बसवली. कळीला बलभीमचाच धागा गुंडाळून खुर्दबिनीच्या दांड्याला बांधला. साहेबांनी लाख वितळवली, गाठीवर टपकवली, मोहर दाबली आणि फुंकर मारली. शिवाय मल्लिनाथने झाकणाखाली काळ्या कागदाचा एक अर्धा तुकडा अडकवला, म्हणजे उजेड एकाच बाजूने तिरपा वर यावा. तोही मोहरेआधीच अडकवायला हवा होता हे त्याला मागाहून सुचलं, पण साहेबांची मर्जी आता कळीवर जडली होती, कागदाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

साहेब बसले. हात खाली गेला. बोट लाखेला लागलं आणि मागे आलं. दोन्ही हात त्यांनी मुकाट्याने पाठीमागे बांधले आणि डोळा लावला.



“या अल्लाह,” साहेब म्हणाले. कायस्थ असले तरी हैदराबादचे होते. “ये तो… साप की खाल है!”

“मेंढीची लोकर आहे, साहेब. आता हे बघा.” मल्लिनाथने स्टेशनमागच्या शेळीचे उपटून आणलेले केस लावले. तोच उजेड, तीच मोहर. साहेबांनी पाहिलं. कड गुळगुळीत, बांगडीच्या काचेसारखी. “आता परत लोकर.” पुन्हा कौलं. साहेबांनी लोकर, शेळी, लोकर, शेळी असं इतक्या वेळा बघितलं की मल्लिनाथच्या बोटांना काच लागून रक्त आलं. मग न धुतलेला, खळ लागलेला धागाही त्याने लावला, कारण एकच बाजू दाखवून निकाल मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं. खळीने खवले बरेच झाकले होते, पण जिथे खळ उडाली होती तिथे ते दिसत होते.

साहेब उठले, शेरवानी खाली ओढली आणि लाल शिक्का खणात टाकला.

“पास. सगळे गठ्ठे पास. बलभीम, इधर आ. तू पण बघ. तुझीच लोकर आहे.”

नको म्हणायला हवं होतं, असं मल्लिनाथला पुढे कितीतरी वेळा वाटलं. त्या क्षणी मात्र त्याला आनंदच झाला. त्याने स्टूल पुढे केलं. बलभीमने पटका मागे सारला, एक डोळा हाताने झाकला आणि वाकला. नजर मागावर बसून तयार झालेली. एक धागा चुकला तर विणीत ओळखणारी.

“लई नामी हाय,” तो अखेर म्हणाला. “पर मल्लिनाथआप्पा, ह्यो येक आडवा पडलाय त्येला खवलं न्हाईत.”

मल्लिनाथने पाहिलं. न धुतलेला धागा होता तो. खळीच्या थराला चिकटून एक जाड, सरळ केस पडलेला. कड गुळगुळीत. मघाशी त्याने तो पाहिलाच नव्हता. खवले दिसताहेत का एवढंच तो बघत होता.

“काय हाय त्ये?”

मल्लिनाथ घुटमळला. खोटं बोलणं सोपं होतं. कचरा आहे म्हटलं असतं तर संपलं असतं.

“शेळीचा केस आहे, अण्णा.”

“एखाद-दुसरा असतोच!” साहेब घाईने म्हणाले. “मेंढ्या-शेळ्या एकाच वाड्यात बसतात. सरकारला एवढं चालतं. पास म्हणजे पास.”

पण बलभीम वळला होता तो बायकोकडे. “खळ द्याचा कुंचा कुठाय?”

“गाडीत.”

“आन.”

तुळजाबाईने कुंचा आणला. काळाभोर, मऊ, दोऱ्याने घट्ट बांधलेला.

“ह्यो घायपाताचा न्हाय.”

“घायपात कुटनं आनू?” तुळजाबाई तडकली. “समदं घायपात ठेकेदारानं नेलं दोर वळाया, पलटनीसाटी. बांधावर येक पात न्हाय ऱ्हायलं. दसऱ्यापसनं तुमी वरडाया लागला, खळ दे, खळ दे. मंग म्या शेळीचं केस बांदलं. तुमच्याच फुडं बसून बांदलं! डोळं कुटं हुतं तवा?”

“तुळजे, दसऱ्यापसनं?”

“व्हय.”

“म्हंजी देवाची घोंगडी…”

“ह्याच कुंच्यानं.”

बलभीम तिथेच खाली बसला. साहेबांनी मल्लिनाथकडे पाहिलं. मल्लिनाथने समजावून सांगितलं. साहेब म्हणाले, “पण माल पास आहे ना?” आणि मल्लिनाथला पहिल्यांदाच साहेबांची कीव आली.

“आवं, कुनाला दिसनार हाय?” तुळजाबाईचा आवाज आता उतरला होता. “सरकारनं बरं म्हन्लं. पंच बरं म्हन्तील. दिव्याच्या उजेडात पंचांस्नी येक केस दिसनार व्हय? देवाकडं कुठं खुर्दबीन हाय?”

“देवाला खुर्दबीन कशाला लागती?” बलभीम म्हणाला.

मल्लिनाथला तर सगळ्यांचाच संताप आला. सकाळपासून त्याने तीन माणसांशी आणि एका बत्तीशी भांडण केलं होतं. खवले दाखवले होते. निकाल फिरवला होता. आणि आता सुटलेला माणूस स्वतःच स्वतःवर शिक्का मारून घेत होता!

“अण्णा, ऐका,” तो जवळजवळ ओरडलाच. “धुतलेला धागा बघितलात ना? त्यात होता का शेळीचा केस? नव्हता. पिळाच्या आत शेळी नाही. केस खळीत आहे, वरवर. कुंच्यातून गळालेला. खळ धुऊन काढली की केस गेला.”

बलभीमने मान वर केली. “समदा जातो?”

“माझ्या अंदाजाने जातो.”

“अंदाज नगं, आप्पा.”

तिसऱ्या दिवशी वखार उघडली तेव्हा बलभीमची गाडी दारात होती. गाडीत देवाची घोंगडी, ओली, जड, नाल्यावर रिठ्याने धुऊन आणलेली. धुण्याने तिच्यातला सगळा ताठा गेला होता. ती बाजेवर पडलेल्या आजारी माणसासारखी लोळत होती.

“सांगा,” बलभीम म्हणाला.

मल्लिनाथने कळीची मोहर तपासली. शाबूत होती. चारही कोपऱ्यांतून एकेक धागा काढला, लावला, पाहिला. “साफ आहे.”

“मदला?”

मधला पाहिला. “साफ.”

“काठाचा न्हाय बगितला.”

“अण्णा, नमुना म्हणजे सगळं बघायचं नसतं! थोड्यावरून सगळ्याचा अंदाज—”

“अंदाज नगं म्हन्लं न्हवं.”

काठाचा. मग उलट्या बाजूचा. मग जिथे वीण जराशी दाट होती तिथला. मल्लिनाथचे डोळे चुरचुरायला लागले. मानेत कळ आली. साहेब शेजारच्या खुर्चीवर अस्वस्थ होते. गाडीला लावायचे गठ्ठे पडून होते आणि पलटणीला याचं काहीच देणंघेणं नव्हतं. शेवटी त्यांना राहवेना.

“उठ, बरखुरदार. मी बघतो.” हात पाठीमागे बांधून ते बसले. “साफ. अगला. साफ. अगला.” त्यांना त्यात गोडी लागली होती. मल्लिनाथ धागे लावत राहिला, साहेब साफ म्हणत राहिले, आणि दर वेळी बलभीम साहेबांच्या खांद्यावरून मल्लिनाथलाच विचारी, “खरं?” आणि मल्लिनाथला पुन्हा वाकून पाहावं लागे.

एकदा तो थांबला. “इथे एक आहे.”

बलभीमने घोंगडीची ती जागा शोधली, उजेडाकडे तिरपी धरली, चिमटीत पकडून केस ओढून काढला आणि दाराबाहेर जाऊन टाकून आला. परत येऊन म्हणाला, “फुडं.”

दुपारी कधीतरी तुळजाबाई आत आली आणि म्हणाली, “धनी, बास. पोराचं डोळं गेलं. आता गेलं न्हाय तर जत्रा गाठायची न्हाय.”

बलभीमने घोंगडीवरून दोन्ही हात फिरवले, पाहिलं, परत फिरवले. मग घडी घालायला घेतली. बिनखळीची ती घोंगडी घडीला उभी राहीना, हातातून घसरत होती.

“खळ देऊन नेणार ना?” मल्लिनाथने विचारलं.

“कुंचा कुटाय? घायपाताची पात हाय का कुटं?”

“मग अशीच?”

“अशीच. पंच इचारतील, बलभीमा, ही काय चिंधी आनलीस देवाला? माग इसरलास का? हसतील. हसू द्यात.” त्याने घोंगडी खांद्यावर टाकली. ती त्याच्या पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत लोंबली. “सांगीन त्यास्नी, खळ फुडल्या साली. औंदा नुसती लोकर हाय.”

बैलगाडी निघाली. मल्लिनाथ डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून भिंतीला टेकला. आत साहेब अजून खुर्दबिनीला चिकटलेलेच होते. टेबलावर पडलेला एकेक धागा उचलून आता ते स्वतःच काचेवर लावत होते.

“बरखुरदार,” ते म्हणाले, “ही मोहर जरा काढता येईल का? थोडीशीच रोशनी वाढवून बघतो.”

“नाही,” मल्लिनाथ रुमालाखालूनच म्हणाला.